घडीचा झिजलेला कोपरा

घड्याळाची काच गोल असावी, हे ज्यानं पहिल्यांदा ठरवलं त्याचे आम्हा दुरुस्तीवाल्यांवर फार उपकार आहेत. गोल काच बाजारात मापावर मिळते. पाकिटातून काढायची, दाबून बसवायची. गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत काम तयार. पण आठकोनी, पिंपासारखी मधे फुगलेली किंवा पतंगासारखी टोकावर उभी असलेली घडी आली, की तिची काच जगात कुठंच विकत मिळत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा आणि कानशीनं घासत घासत त्या एकाच घडीच्या मापाचा करायचा. केसभर जास्त घासलं तर काच सैल, कमी घासलं तर बसवताना तडकते. एवढं करूनही कोपऱ्यांतून धूळ आत शिरायची ती शिरतेच. त्यात आमचं अकोला कापसाचं गाव. हंगामात जुन्या घडीचं पोट उघडलं की चाकांवर पांढरं बारीक तंतूंचं जाळं असायचं.

म्हणून शहाणा घडीसाज अशा घड्यांच्या नादी लागत नाही. मी उभं आयुष्य त्याच गोळा केल्या.

माझं माहेर अमरावतीचं. वडील शाळेत शिपाई होते. मुलीनं सरकारी नोकरीलायक काहीतरी शिकावं म्हणून त्यांनी मला आयटीआयला घातलं. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या, घड्याळदुरुस्तीची एक शिल्लक होती, ती मला मिळाली. वर्गात एकवीस मुलं आणि मी. नोकरी काही लागली नाही, पण लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांखाली चिमटे, स्क्रूड्रायव्हर आणि डोळ्याला लावायचं भिंग होतं. सासूबाईंनी भिंग हातात घेऊन विचारलं, "हे काय होय वं, सोनाराचं?" पुढं त्यांनीच गांधी रोडवरच्या एका कापडदुकानाच्या जिन्याखाली मला जागा मिळवून दिली. एक काउंटर, एक स्टूल, एक टेबललॅम्प. चौतीस वर्षं मी त्या जिन्याखाली बसले. आमच्याकडे घड्याळाला घडी म्हणतात, म्हणून गाव मला घडीवाली ताई म्हणू लागलं.

या आकारांचं वेड मला चांदूर रेल्वे गावच्या एका शाळामास्तरांनी लावलं. त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी परदेशी घडी दिली होती. सोन्याच्या पाण्याची, हुबेहूब शंकरपाळ्याच्या आकाराची. तिच्यावर आकडे नव्हते, नुसत्या चार कोपऱ्यांत चार रेघा. मास्तर काउंटरवर वैतागून म्हणाले, "ताई, मी पोरायले वेळ शिकवतो आन् मलेच या घडीत साडेसात का साडेआठ ते समजत नाही. यावर पेनानं आकडे लिहून द्या." मी नाही म्हटलं. मग त्यांनी माझ्या कपाटातली बारा ठसठशीत आकड्यांची गोल घडी मागितली आणि शंकरपाळा माझ्यापाशी सोडून आनंदानं गेले. त्या संध्याकाळी मी तो भिंगाखाली धरला. एवढ्याशा पत्र्याला इतक्या धारदार कडा कोणीतरी हातानं काढल्या होत्या. आतलं यंत्रही त्या आकारात मावावं म्हणून वेगळं घडवलेलं. वेळ दाखवायला याची काही गरज नव्हती. कोणाला तरी तसं करावंसं वाटलं, म्हणून केलं. मला ते फार आवडलं.

पुढं भंगारवाल्यांकडून, जुन्या सामानातून, अमरावतीच्या एका वकिलांकडून एकेक घडी येत गेली. मी संपूर्ण दुरुस्ती करायची, काच घासायची, आणि झिजलेल्या कडा परत उभ्या करायची. हे शेवटचं काम मला कोणी शिकवलं नव्हतं. झिजलेल्या जागी चांदी वितळवून भरायची, सुईएवढ्या कानशीनं मूळ आकार काढायचा आणि सराफ्यातल्या कारागिराकडून वर सोन्याचं पाणी चढवून घ्यायचं. या कामात विदर्भात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, असं मी तेव्हा म्हणायची. खोटंही नव्हतं ते.

याच कामानं मला आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करायला लावली.

एका सकाळी मी नुकतंच कुलूप काढत होते. सत्तरीचे एक मुसलमान गृहस्थ समोर उभे राहिले. धुवट पायजमा, कुडता, डोक्यावर टोपी. उजवा हात कुडत्याच्या खिशात. डाव्या हाताची मूठ त्यांनी काउंटरवर ठेवली आणि उघडली. आत घडी होती.

"चाबी दे वं बेटी."

मला वाटलं चावीचं बटण तुटलंय. पाहिलं तर सगळं ठीक होतं. मग घडीकडे लक्ष गेलं आणि मी टेबललॅम्प जवळ ओढला. ढालीच्या आकाराची घडी. वरून रुंद, खाली निमुळती होत गेलेली, आणि दोन्ही बाजूंना कडेनं बारीक तीन-तीन पायऱ्या. असली घडी मी फक्त एका जुन्या कॅटलॉगच्या फोटोत पाहिली होती. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या पायऱ्या मात्र पार गेल्या होत्या. सोनंही गेलं होतं, आतलं पितळ दिसत होतं. तिथं गुळगुळीत खोलगट खळगा झाला होता.

"चाबी तर चांगली आहे, चाचा," मी म्हटलं.

"चांगलीच हाये. मले देता येत नाही." त्यांनी खिशातून उजवा हात काढला. अंगठा होता, चार बोटं नव्हती.

जुन्या घडीला रोज किल्ली द्यावी लागते. एका हातात घडी धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण फिरवायचं. दोन हातांचं काम आहे ते. मी किल्ली दिली, आणि त्यांनी मनगट पुढं केलं म्हणून पट्टाही बांधून दिला. परक्या पुरुषाचा हात भररस्त्यात धरायचा म्हणजे मी जराशी अवघडलेच. समोरच्या चप्पलवाल्यानं मान वळवून पाहिलं. चाचा शांत उभे होते. "खुश राह्य," म्हणाले आणि मोर्णा नदीच्या पुलाकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आले. तिसऱ्या दिवशीही.

त्यांचं नाव गफूर. गावातल्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. ते जिनिंग आता नाही. बेगम रशीदाबी दोन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. मुलगा सुरतेला कामाला, घरी सून शबाना आणि नात. मी एकदा सुचवलं, "चाचा, सेलची घडी घ्या, किल्लीची भानगडच नको." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. माझी मेहनत फुकट घ्यायची नाही म्हणून ते रोज माझ्या काउंटरपुढची जागा डाव्या हातानं झाडून द्यायचे. किती सांगितलं तरी ऐकायचे नाहीत.

घडी कुठून आली, ते त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. पावसाचा दिवस होता, गिऱ्हाईक नव्हतं.

"मशीनीत हात गेला तवा शेठ दवाखान्यात आला. मायाकडं पाहून राह्यला, बोलाले काही सुचेना त्याले. मंग हातातली घडी काढली आन् उशीपाशी ठेवली. म्हने, गफूर, हे तुले. आता मी त्या घडीचं काय करू सांग? हात त्याच्या मशीनीनं नेला आन् घडी देली. मी तं मोर्णेत फेकून देनार होतो."

"मग?"

"तुयी चाची आडवी आली. म्हने, फेकाची नाही. शेठनं तुमाले गेटवर बसवलं ना वॉचमन म्हनून? मंग रोज हे घडी घालून बसाचं. मोटारीतून आत जाताना त्याले दिसली पायजे. रोज." चाचा हसले. "तिनं चाबी द्यायची, तिनं बांधायची. मी गेटवर सलाम करो ह्या घडीच्या हातानं. शेठ पह्यले पाहे. मंग पाहेनासा झाला, दुसरीकडं तोंड करे."

"आणि शेठ गेल्यावर?"

"शेठ गेला, जिनिंग बी बंद पडली. मी म्हटलं, आता कोनाले दाखवाची घडी? तुयी चाची म्हने, हात इकडं करा. बस. पस्तीस वर्सं झाली, एक दिवस नागा नाही. भांडन झालं तरी बांधे. बोले नाही, पन बांधे."

हे मी ऐकलं होतं, हे आधीच कबूल करते. ऐकूनही मला कळायला हवं ते कळलं नाही.

दीडेक वर्षानं त्यांनी एक दिवस घडी माझ्याकडे ठेवली. बार्शीटाकळीला लेकीकडे लग्न होतं, आठ दिवस जाणार होते. "मागं पडून राह्यली. तेलपानी करून ठेव," म्हणाले. तेलपाणी म्हणजे आतलं यंत्र सुटं करून धुणं आणि तेल देणं. एवढंच काम त्यांनी सांगितलं होतं.

ते मी पहिल्याच दिवशी केलं. मग घडी माझ्यापुढं सात दिवस होती. रिकामं कवच मी हातात घेऊन बसायची. बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा होत्या, आणि एक कोपरा तेवढा खाल्लेला. माझ्या डोळ्याला तो कोपरा सलायचा. अख्ख्या मुलखात अशी दुसरी ढाल नसेल आणि ती अशी अपंग. मी मनाशी म्हटलं, चाचांना केवढा आनंद होईल. त्यांना विचारावं असं मनात आलंच नाही, असं नाही. आलं. पण विचारलं असतं तर कदाचित ते नको म्हणाले असते.

तीन दिवस मी त्या कोपऱ्याचं काम करत बसले. चांदी भरली, पायऱ्या काढल्या, उरलेल्या बाजूशी भिंगाखाली ताडून पाहिल्या. सराफ्यात नेऊन पाणी चढवलं. कारागिराला म्हटलं, "दुप्पट जाड चढव, पुन्हा झिजायला नको." घडी परत जोडली तेव्हा समोरच्या चप्पलवाल्याला हाक मारून दाखवली. माझं त्याहून चांगलं काम मी नंतरही केलं नाही.

चाचा आले. मी घडी मखमलीच्या तुकड्यावर ठेवून पुढं केली. त्यांनी ती डाव्या हातात घेतली, आणि त्यांचा अंगठा आपोआप त्या कोपऱ्यावर गेला. तिथं तो थांबला. पुढंमागं झाला. त्यांनी घडी डोळ्यांजवळ नेली, परत अंगठा फिरवला.

"चांगली केली बेटी," ते म्हणाले. "नवी केली."

मी किल्ली दिली, पट्टा बांधला. जाताना त्यांनी नेहमीप्रमाणे जागा झाडली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

दोन दिवस मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. तिसऱ्या सकाळी गल्लीतल्या एका शिंप्याची चौकोनी घडी आली. तिला किल्ली देताना मी सहज स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उजव्या चिमटीत बटण फिरत होतं. घडी फिरू नये म्हणून डावा अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्यावर दाबून धरलेला.

मी हातातलं काम खाली ठेवलं.

दीड वर्ष मीही त्याच जागी अंगठा ठेवत होते. ढालीला किल्ली देताना माझा अंगठा त्या खळग्यात असा नीट बसायचा की मला वाटायचं, ही घडी धरायला किती सोपी आहे. तो खळगा म्हणजे रशीदाबींचा पस्तीस वर्षांचा अंगठा होता. मी तो चांदीनं बुजवला होता, वर दुप्पट सोनं चढवून.

दुपारी काउंटर बंद केलं आणि पुलापलीकडे विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. शबाना दारात तांदूळ निवडत होती. मी नाव सांगताच तिनं ओळखलं. "अब्बा आत हायेत. घडी डब्यात ठेवून देली. मी म्हटलं, बांधून देऊ का, तं नको म्हने."

चाचा खाटेवर बसले होते. मनगट रिकामं होतं. त्या जागेची कातडी बाकी हातापेक्षा उजळ दिसत होती.

"चाचा, माझं चुकलं," मी म्हटलं. "तो कोपरा चाचींचा होता."

शबाना पाणी घेऊन दारात थांबली.

"मी न विचारता केलं. तुम्हाला बरं वाटेल म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. तेही खोटं. मला ती घडी पुरी पाहायची होती. माझ्या डोळ्यांसाठी केलं मी."

चाचा म्हणाले, "तुयं काम चांगलं हाये बेटी. म्हनून तं झालं. शेठनं उशीपाशी ठेवली तवा अशीच होती. अशीच चमके." त्यांनी डब्याकडे मान केली. "तिनं पस्तीस वर्सं घालून ते घडी आमची केली होती. आता ते पुन्हा शेठची दिसते."

मी तिथं रडले. गिऱ्हाइकासमोर मी कधी रडले नव्हते, काउंटरवर तर नाहीच. शबानानं पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी विचारलं, सोनं उतरवून देऊ का? पितळापर्यंत घासून देऊ? विचारतानाच कळत होतं की घासून येणारा खळगा माझ्या कानशीचा असेल. चाचांनी नुसता हात हलवला. "जाऊ दे. घरी जा. लेकरं वाट पाहात असतीन."

पुढचे दिवस मी काम केलं, पण वेगळ्या आकाराची एकही घडी हातात घेतली नाही. कपाटातला शंकरपाळा, पिंप, पतंग, सगळ्या नव्याकोऱ्या दिसत होत्या. बहुतेकींच्या कडा मीच उभ्या केल्या होत्या. त्यांतल्या कुठल्या झिजेवर कोणाचा हात होता, ते मी कोणालाच विचारलं नव्हतं. आता विचारायला माणसंही नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळी काउंटरपुढं झाडू वाजला. मी वर पाहिलं. चाचांनी जागा झाडून संपवली, झाडू जिन्याला टेकवून ठेवला आणि मूठ काउंटरवर उघडली.

"दे चाबी."

मी घडी घेतली. अंगठा कुठं ठेवावा ते मला कळेना. पायऱ्यांच्या कडा धारदार होत्या, बोटाला टोचत होत्या. मी थबकलेली पाहून ते म्हणाले, "धर ना. तिथंच धर. तिले पस्तीस वर्सं लागली. तुले किती लागतीन पाहू."

ते हसले नाहीत, मीही हसले नाही. किल्ली दिली, मनगटावर पट्टा बांधला. त्यांनी घडी कानाशी नेली, ऐकली, आणि पुलाकडे गेले.

त्यानंतर ते चार वर्षं येत होते. शेवटचे दोन महिने चालवेना, तेव्हा दुकान उघडण्याआधी मीच त्यांच्याकडे जायची. एकदा मी विचारलं, घरात शबाना असताना इतक्या लांब माझ्याकडे का येत होता? म्हणाले, "घरात कोनी चाबी देली तं तिची जागा घेतल्यासारखं वाटे. दुकान हे दुकान हाये." मग म्हणाले, "पन आता तू घरीच येऊन राह्यली. आता काय सांगू तिले?" त्या दिवशी मात्र दोघंही हसलो.

तेव्हापासून काउंटरवर माझा एक नियम झाला. कुठलीही घडी आली की आधी विचारायचं, यातलं काय तसंच राहू द्यायचं? लोक गोंधळायचे. तिवस्याचे एक पाटील म्हणाले, "ताई, बिघडलं तेवढं दुरुस्त करा, असं काय विचारता?" पण दहांतला एखादा जण थांबायचा, घडी हातात फिरवायचा आणि एखाद्या ओरखड्यावर बोट ठेवायचा. तो ओरखडा मी तसाच ठेवायची. त्यामागची हकीकत कोणी सांगायचं, कोणी नाही.

चाचा उन्हाळ्यात गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर शबाना दुकानात आली. रुमालात घडी होती.

"ताई, हे तुमी ठेवा. तुमाले अशा घड्यांचा शौक हाये, अब्बा सांगत. आमच्या घरी कोनाले कदर नाही."

माझ्या संग्रहात तोवर चौदा घड्या होत्या. या एकीच्या बदल्यात त्या चौदाही मागितल्या असत्या तरी मी दिल्या असत्या. मी भिंग डोळ्याला लावलं आणि तो कोपरा दिव्याखाली धरला. चार वर्षं, एक दिवसही न चुकता, माझा अंगठा तिथं होता. पायऱ्यांची धार जरासुद्धा बोथट झाली नव्हती. सोनं जागचं हललं नव्हतं.

"काय पाहून राह्यल्या?" शबानानं विचारलं.

"माझं काम," मी म्हटलं. "फार पक्कं झालं होतं."

मग मी तिला काउंटरच्या आत, माझ्या स्टुलावर बसवलं. घडी तिच्या डाव्या हातात दिली, तिचा अंगठा धरून खालच्या कोपऱ्यावर ठेवला आणि म्हटलं, "इथं दाबून धर. आता बटण फिरव. रोज सकाळी, याच वेळी."

तिला टोचलं असावं. तिनं अंगठा उचलला, पाहिला, आणि परत तिथंच ठेवला.